तुझ्यावाचून अडलं नाही

प्रज्ञा,

तू गेलीस त्या दिवशी आपल्या कापसाच्या तिन्ही जिनिंग गिरण्या चालू होत्या. मी दिग्रसला होते, काट्याच्या खोलीत. तुझ्या भावाचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाला तो, आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. बाहेर कापसाची गाडी वजनकाट्यावर चढत होती. ड्रायव्हर उतरला, वजन लागलं, पावती निघाली, आणि तीच पावती तिकडे यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या हेडऑफिसात हिशेबाला जाऊन बसली. समोर पडद्यावर हिरवी खूण आली. मी फोन कानाला धरून त्या खुणेकडे बघत होते. मागून दुसरी गाडी चढली. तिचीही हिरवी खूण आली.

काहीतरी अडायला हवं होतं गं. एखादी पावती तरी.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला शोकसभा झाली. सरकीच्या गोदामासमोर सगळे उभे राहिले, हमालांनी डोक्याची फडकी काढली. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून खुर्चीवर ठेवला होता. तोच, ज्यात तुझा एक डोळा अर्धा मिटलेला आहे आणि जो बदलायला तू दरवर्षी अर्ज करायचीस. भैयाजी बोलले. मालक असून त्यांना भाषण जमत नाही, तुला ठाऊकच आहे. "घरची पोरगी गेली," म्हणाले आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. ते रडणं खोटं नव्हतं. मग रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "पण ललिता मॅडमनं टायमावर आपले डोळे उघडले. म्हणून इतकं मोठं माणूस जाऊनही आपलं काम एक तास बंद पडलं नाही. हे बी ध्यानात ठेवा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदराने पाहिलं. कोणी शिवी दिली असती तर मी मान वर करून उभी राहिले असते. शाबासकीला काय करायचं ते मला कळलं नाही. सिमेंटवर रुईचे पुंजके वाऱ्याने सरकत होते, तेच बघत राहिले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग चूक काय म्हणाले ते?" चूक काहीच नाही. तेच तर.

तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, प्रज्ञा. त्यात माझी बाजू बरोबर होती असं मला अजूनही वाटतं, आणि हे तुझ्यापुढे कबूल करायची मला लाज वाटते. मी चुकले म्हणता आलं असतं तर सोपं होतं. रडून मोकळी झाले असते.

यवतमाळच्या हॉस्टेलात तू माझ्या खोलीत आलीस तेव्हा तुझ्या बॅगेत दोन स्वेटर आणि एक गरम पाण्याची रबरी पिशवी होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी हसले होते. "वणीच्या कोळशाची ऊब सुटत नाही का व तुले?" असं काहीतरी विचारलं होतं, कारण तुझे वडील खाणीत होते हे तू आल्याआल्या सांगितलंस. तू पिशवी उशीखाली सरकवलीस. थंडीत एकदा तुझे गुडघे, मांड्या, पाठ, सगळं एकदम दुखायला लागलं, आणि तू उशी दातात धरून पडलीस, तेव्हा मला सिकलसेल हा शब्द पहिल्यांदा कळला. रक्तातच असतं ते, आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आलेलं, पाणी कमी पडलं की, गारठा लागला की उसळतं, हे तू नंतर समजावून सांगितलंस, एखादं गणित सांगावं तसं. आणि म्हणालीस, "कोणाले सांगू नको."

पहिल्या नोकरीच्या ठिकाणी तू खरं सांगितलं होतंस. त्यांनी फार गोड बोलून, तब्येतीची काळजी घ्या म्हणून, तुला घरी पाठवलं. भैयाजींच्या कंपनीत आपण दोघी लागलो, मी अकाउंट्सला आणि तू कॉम्प्युटरला, तेव्हा लोहाऱ्याच्या बसस्टॉपवर तू माझं मनगट धरून परत म्हणालीस, "ललिता, इथं नाही सांगायचं." मी "नाही सांगत" म्हटलं. इतकं साधं होतं ते.

आणि मी ते पाळलं. बरीच वर्षं पाळलं. तू दवाखान्यात असायचीस तेव्हा मी ऑफिसात ताप सांगायचे, कावीळ सांगायचे, चुलत बहिणीचं लग्न सांगायचे. तुझ्या चुलत बहिणी किती झाल्या याचा हिशेब आपल्यालाही राहिला नव्हता.

मग बोंडअळीची वर्षं आली. बोंडं वरून हिरवी आणि आतून पोखरलेली. जो कापूस काट्यावर यायचा तो अळीने गाठी धरलेला, कवडीयुक्त, ओला, पिवळट. आपल्या शेजारच्या दोन जिनिंगना कुलूप लागलं. त्यातच जीएसटी आला, आणि शेतकऱ्याचे पैसे थेट बँकेत टाकायचे असं ठरलं. आपल्याकडे तीन गावांत तीन वेगळ्या कंपन्यांचे काटे. दिग्रसचा काटा नुसते किलो सांगायचा, वणीचा क्विंटल आणि किलो वेगळे सांगायचा, लोहाऱ्याच्या काट्याला शेतकऱ्याचं नाव फक्त इंग्रजीत समजायचं. हिशेबाचं सॉफ्टवेअर चौथ्याच कंपनीचं. बँकेची तऱ्हा पाचवी. मध्ये आमची पोरं बसून एकीकडचं वाचून दुसरीकडे टाइप करायची. एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या खात्यात, आणि खरा मालक गेटवर.

तू म्हणालीस, मधलं काम करणारा एक प्रोग्राम मी लिहिते. सगळ्यांचं ऐकेल आणि ज्याला ज्या भाषेत पाहिजे त्या भाषेत सांगेल. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत तू तेच करत होतीस. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं तर तू माझ्याकडे बघून हसलीस.

मी तुला हॉस्टेलात सांगितलं होतं ना, माझ्या याडीला, आईला, मराठी येत नव्हतं. आमच्या बंजारा तांड्यावरून दिग्रसला डॉक्टरकडे जायचो तेव्हा मी फ्रॉक घालून दोघांच्या मध्ये उभी राहायचे. याडी गोरबोलीत अर्धा तास आपली सगळी दुखणी सांगायची, सासूचं, शेळीचं, रात्री झोप न येण्याचं. मी डॉक्टरकडे वळून म्हणायचे, "पोट दुखते." तू हे ऐकून पोट धरून हसली होतीस. "एवढी मोठी बाई अन् तू तिचं फक्त पोट सांगतलं!" त्या प्रोग्रामचं नाव तू दुभाष्या ठेवलंस. "हा तुयापेक्षा बरा हाय," म्हणालीस, "सगळं सांगते."

खरंच सांगायचा तो. पहिल्या सीझनला आमच्या टेबलावरची टायपिंगची रांग नाहीशी झाली. भैयाजींनी पेढे वाटले. तुझ्या पगारात त्यांनी जे वाढवलं त्याबद्दल काही बोलत नाही, तूही कधी बोलली नाहीस.

भांडण कुठून सुरू झालं, आठवतं? वणीच्या काटेवाल्यांनी तुम्हाला-आम्हाला न विचारता त्यांचं सॉफ्टवेअर बदललं. दुभाष्याला त्यांची नवी पावती वाचताच येईना. आणि तू नागपूरला सलाइनवर. मी ऑफिसात ताप सांगितलेला. वणीला गेटपासून हायवेपर्यंत गाड्या लागल्या. मी यवतमाळहून धावत गेले आणि हाताने पावत्या लिहायला बसले. तुझा प्रोग्राम उघडून पाहिला होता मी. आपण दोघी कॉलेजात एकाच वर्गात हे शिकलो, गं. पण मला त्यात हात घालायची छाती झाली नाही. एक बाई बैलगाडी घेऊन सकाळपासून उभी होती. शेवटी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाई, ते एक पोरगी नाही तं तुमचा काटा आंधळा झाला काय?"

मी मान खाली घालून पुढची पावती लिहायला घेतली. तू परत आलीस आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं सुरू केलंस. सगळे म्हणाले, वा. मला मात्र त्या बाईचा आवाज सोडत नव्हता.

तेव्हापासून मी म्हणायला लागले की आता हे विकत घेऊ. असलं मधलं काम करणारी पुण्याची, हैदराबादची तयार सॉफ्टवेअर मिळतात, मिडलवेअर म्हणतात त्यांना, त्यांची माणसं असतात, करार असतो. आणि तू म्हणायला लागलीस की नाही. दोन महिने आपण डबा खाताना दुसरं काही बोललो नसू.

"विकतचं सॉफ्टवेअर म्हणजे रेडिमेड ब्लाउज हाय," तू म्हणायचीस. "खांद्यात बसते तं कमरेत ढिलं."

"अन् शिंपीण आजारी पडली तं?"

"तं दुसरी शिंपीण ठेव."

"कुठून ठेवू? इथं राहायले कोण येते?"

"तू हायेस न. माया बाजूले येऊन बस महिनाभर. तुले येईन. कॉलेजात माया आधी तुया प्रोग्राम चालायचा."

"मले टाइम कुठं हाय व? सीझन हाय."

सीझन नव्हता तेव्हाही मी हेच म्हणायचे. ऑडिट आहे. रिटर्न भरायची आहेत. खरं म्हणजे मला परत शिकायची भीती वाटत होती. मी आता मॅनेजर होते. तुझ्या बाजूला स्टूल घेऊन बसायचं, आणि चुकलं की तू सगळ्यांसमोर हसणार.

तुझं एक म्हणणं मात्र मला तेव्हाही खोडता आलं नाही. तू म्हणायचीस, विकणाऱ्याला आपला कापूस माहीत नाही. ओलाव्यापोटी वजन कापायचं, हा त्याच्यासाठी फक्त एक रकाना आहे. आपल्याकडे त्या रकान्यावर माणसं भांडतात, कापूस हातात दाबून दाखवतात, शपथा घेतात. "ते ज्यानं पाह्यलं नाही, तो ते मधात कसं सांगन?" मी म्हणायचे, त्याच्याकडे पन्नास माणसं आहेत, एक उठला की दुसरा बसतो. तू म्हणायचीस, "पन्नास जणं हायेत, पण आपलं कोणालेच माहीत नाही. माया एकटीलेच सारं माहीत हाय, हे वाईट, मानते मी. पण कोणालेच माहीत नाही, हे चांगलं कसं?"

भैयाजींना तुझंच पटत होतं. घरचं आहे, फुकट आहे, आणि तू आहेस. मी हरत होते.

मग ती मीटिंग. पुण्याचा माणूस आला होता, नेकटाय लावून, लॅपटॉप घेऊन. त्याने चित्रं दाखवली, बाण दाखवले. तू तीन प्रश्न विचारलेस आणि तिन्हींना त्याने "करून देऊ" म्हटलं. भैयाजी खुर्चीत मागे रेलले होते. म्हणजे नाही म्हणणार होते. पुण्याचा माणूस म्हणाला, "सर, एका व्यक्तीवर अवलंबून राहणं धोक्याचं असतं. माणसं नोकरी सोडतात, लग्न होतं." भैयाजी हसले. "आमची प्रज्ञा कुठं जाते? घरची हाय ते." सगळे हसले. तूही हसलीस.

आणि मी म्हणाले, "नोकरी नाही सोडणार ती, भैयाजी. पण तब्येतीचं काही सांगता येते का? तुम्हाले माहीत नाही, मले माहीत हाय."

किती सहज निघालं तोंडातून. जणू पावतीचा नंबर सांगितला. भैयाजी सरळ बसले. "काय झालं तब्येतीले?" त्यांनी तुला विचारलं नाही, मला विचारलं. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे सगळंच सांगितलं. तुझ्या सगळ्या चुलत बहिणींची लग्नं त्या क्षणी मोडली. तू पेनचं टोपण लावलंस आणि म्हणालीस, "मॅडम बरोबर बोलतात. एका माणसावर ठेवू नये." मॅडम. आपल्या इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा मॅडम म्हणालीस. मग त्या पुण्याच्या माणसाला, जसं काही घडलंच नाही असं, विचारलंस की तुमची माणसं कधी येणार.

मला सांग, मी ते वणीच्या गेटवरच्या बाईसाठी बोलले का? मी स्वतःला पुष्कळदा तसं सांगितलं. पण त्या खोलीत मला ती बाई आठवली नव्हती. मला फक्त एवढं दिसत होतं की मी हरतेय, आणि माझ्या हातात एक असं पान आहे जे दुसऱ्या कोणाकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन नेहमीच्या जागी आलीस. मला वाटलं येणार नाहीस. ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी होती. तू अर्धी भाकर माझ्या झाकणात ठेवलीस, रोजच्यासारखी. मी म्हटलं, "प्रज्ञा, मी..."

"मुद्दा बरोबर होता तुया," तू म्हणालीस. "पण तू मांडायचा नव्हता."

"मंग कोणं मांडायचा?"

तू भाकरीचा तुकडा मोडलास. "मीच मांडला असता न. एक दिवस. माया तोंडानं. भैयाजीले सांगतलं असतं मले असं असं हाय, आता दुसरं कोणी शिकवून ठेवा. मी जमवून राह्यली होती ते बोलायचं." मग पाणी प्यायलीस. "ते तू घेतलं मायाजवळून."

माफी मागायला पाहिजे होती मी. तिथेच, भाकर खाली ठेवून. मी म्हणाले, "पण काम अडायचं न गं." आणि तू म्हणालीस, "हो. काम अडायचं."

पुढचा सीझनभर तू पुण्याच्या पोरांना शिकवलंस. मला वाटलं होतं हात राखून सांगशील. मी तुला एवढंही ओळखलं नव्हतं. काटा काय म्हणतो, बँकेला काय लागतं, कोणत्या गावातली माणसं आडनाव आधी सांगतात, सगळं सांगितलंस. ती पोरं तुला दीदी म्हणायची. भैयाजी आता तुला दिसले की आधी तब्येत विचारायचे. "बस, बस, उभी नको राहू." वणीला जायचं असलं की दुसऱ्याला पाठवायचे. तुला ज्याची भीती होती तेच झालं, फक्त इथे घरी पाठवलं नाही. खुर्ची दिली, आणि खुर्चीवरच ठेवलं.

दुभाष्या बंद करायचा दिवस आला. नवीन सगळं नीट चाललं होतं. तू संत्रं सोलत होतीस. मी म्हटलं, "कर तू." तू म्हणालीस, "मी नाही करत. तुले माहीत हाय कसं करायचं, तेवढं तरी येते न तुले." मी केलं. पडद्यावर काहीही झालं नाही, नुसती एक ओळ थांबली. तू एक फोड माझ्यापुढे धरलीस. मी ती खाल्ली, आंबट होती.

विकत घेतलेलं वाईट नाही, प्रज्ञा. हेही तुला सांगायचं आहे. काटेवाल्यांनी परत एकदा उलथापालथ केली तेव्हा पुण्याहून कोणीतरी, ज्याचं तोंड मी पाहिलं नाही, ते संध्याकाळपर्यंत सरळ करून दिलं. त्या दिवशी कोणाची बैलगाडी उभी राहिली नाही. आणि वणीचा ओलावा दोनदा कापला जातो, हे त्यांच्या पन्नासांतल्या कोणालाही दिसलं नाही. हे तुला दिसलं. तुझं ते काम राहिलं नव्हतं तरी तू पावत्या बघत बसायचीस, सवय म्हणून. नागपूरला भरती झालीस त्या आठवड्यात तुझा मेसेज आला. "वणीचा ओलावा पाह्य. काट्यावर बी कापते अन् हिशेबात बी कापते. लोकायचं नुकसान होऊन राह्यलं."

मी उत्तर दिलं, "तिकीट टाकते." म्हणजे पुण्याच्या कंपनीकडे तक्रार नोंदवते.

आणि मग, "तिकीट टाकलं."

तू अंगठा पाठवलास.

तेवढंच. आपलं शेवटचं बोलणं ते आहे. तुला कसं वाटतंय, ऑक्सिजन लावलाय का, आई सोबत आहे का, काही विचारलं नाही मी. तू त्या अवस्थेत पलंगावरून लोकांच्या कापसाचं बघत होतीस आणि मी तुला तक्रार नोंदवल्याचं कळवत होते. तिकडून दुरुस्ती व्हायला तीन आठवडे लागले. तोवर तू नव्हतीस. तू असतीस, तर दुभाष्यात डबा उघडायच्या आधी झालं असतं. मग माझं बरोबर की तुझं? मला आता इतकंच कळतं की तू एकटी आणि ते पन्नास जण यांच्या मध्ये एक जागा होती, तुझ्या बाजूच्या स्टुलाची. ती रिकामी होती. त्या रिकाम्या जागेलाच मी धोका म्हणाले, मीटिंगमध्ये, आणि बोट तुझ्याकडे केलं.

नागपूरला मी आले नाही. तू पंधरा दिवस तिथे होतीस. यवतमाळहून किती बस सुटतात नागपूरला. मी सीझन म्हणाले. घरी सांगितलं सीझन आहे, भैयाजींना सांगितलं जाईन उद्या, स्वतःला सांगितलं की ती याच्या आधीही किती वेळा भरती झाली आणि आली परत, जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं सुरू केलं.

परवा तुझ्यामागचा जलदानाचा कार्यक्रम होता. मी वणीला गेले. ऑफिसातले सगळे एका गाडीतून गेले, मी बसने गेले, त्यांच्याबरोबर बसायची हिंमत नव्हती. तुमच्या घरापुढे मांडव होता, बुद्धाच्या तसबिरीखाली तुझा फोटो होता. या फोटोत दोन्ही डोळे उघडे होते. वंदना झाली, सगळ्यांच्या मागे हात जोडून मीही उभी राहिले. लोक मावशीला, तुझ्या आईला, भेटून सांगत होते की तुमची लेक म्हणजे ऑफिसचा जीव होती. मावशी मान हलवत होती.

गर्दी कमी झाल्यावर तिने मला आत बोलावलं. चुलीपाशी नाही, ओट्याजवळ, जिथे पातेली ठेवली होती. माझ्यापुढे ताट ठेवलं. स्वतः समोर पाटावर बसली. तुझ्यासारखाच स्वेटर होता अंगात. तुझाच असेल.

"दवाखान्यात काहून नाही आली व तू?" तिने विचारलं.

तोंडापर्यंत सीझन आला होता. गिळला. "लाज वाटे, मावशी."

"कायची?"

मी सांगायला लागले. मीटिंग, पुण्याचा माणूस, भैयाजी. तिने मध्येच हात वर केला, पुरे अशा अर्थी.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी फोन केला व्हता तिनं मले. लय रडली."

माझ्यासमोर तू भाकर मोडून दिली होतीस, प्रज्ञा. मला कळलंच नव्हतं तू रडलीस.

"लय राग आला व्हता मले तुया," मावशी म्हणाली. पदराने तिने ताटावरची माशी हाकलली. "अजून हाय. प्रज्ञा म्हणे, आई, तू ललितावर नको रागावू, ते तिचं अन् मायं हाय, मी पाह्यते." मग तिने पातेल्याचं झाकण काढलं आणि माझ्या ताटात वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली, परत थोडी वाढली. "दुरून आली हायेस. जेव."

मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. मी सगळं जेवले. मावशी समोर बसून होती, उठली नाही. भात संपला तेव्हा तिने न विचारता आणखी वाढला, आणि मी नको म्हणाले नाही.